डोंगरावरच्या गावात मी जेवलो

सौंसर,
१९ मार्च १९८६

प्रिय शालिक,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील की नाही, सांगता येत नाही. ओळखलं तर लगेच फाडून टाकू नको, एवढंच माझं म्हणणं. इटारसीचा तुझा पत्ता शोभानं दिला. तुझ्या बहिणीला मी कुठे भेटलो ते पुढे येईलच. अठ्ठावीस वर्षं झाली लेका, आपण एका बाकावरून उठून दोन दिशांना गेलो, आणि एवढ्या वर्षांत मी तुला साधं कार्डसुद्धा टाकलं नाही. तू रेल्वेत लागला, तुझं लग्न झालं, तुला दोन पोरी झाल्या, हे सारं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. आज लिहून राहिलो कारण मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाजवळ नाही. पण एकदम विचारायची माझी छाती होत नाही. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं ऐकून घे. मी पहिल्यापासूनचा पाल्हाळ लावणारा. गुरुजी म्हणायचेच, गुणवंताला गायीवर निबंध सांगितला की हा गोठा बांधण्यापासून सुरू करते.

तर मी इटलीला जाऊन आलो. हो, मीच, ज्याला नागपुरात सीताबर्डीवर रस्ता ओलांडायला तू हात धरून न्यायचा. पांढुर्ण्याला आमची संत्रा बागायतदारांची सोसायटी आहे. तिकडचे लोक संत्र्याची बाग कशी ठेवतात ते पाहायला माणसं पाठवता का, अशी सरकारकडून विचारणा आली. अकरा बागायतदार निघालो, बारावा शेतकी खात्याचा एक साहेब. माझ्या शेजारच्या सीटवर रामाकोन्याचा रघुनाथराव. प्रमिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन डबे चिवडा नि एक डबा लाडू बांधून दिले आणि विमानाचं नाव काढलं की डोळे पुसत राहिली. मिरगाचा बहर ऐन तोडणीला आलेला, तो टाकून जाणं बाबांना पटलं नव्हतं. पण फोटो पेपरात येईल म्हटल्यावर तेही गप्प बसले.

विमानाचं काही सांगत बसत नाही, बागेचं मात्र सांगतो, कारण तू बागेतच वाढला. पहिल्या दिवशी त्यांनी संत्र कापून आमच्यापुढे ठेवलं, तर आतून लालभडक. आम्ही अकराही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिलो. रघुनाथरावानं हुंगून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सडलं हाय, पण बोलू नका, पाहुणे आहो आपण.” साहेबानं खुलासा केला की ती जातच तशी, आतून लाल असते. खाल्लं तर आपल्यापेक्षा जरा आंबट, पण रस भरपूर. झाडं मात्र आपल्याच झाडांसारखी, तोच फुलाचा वास. त्या वासानं मला पहिल्यांदा तुझी आठवण झाली, पण ती मी बाजूला सारली. सवय झाली आहे.

चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला डोंगरावरच्या एका गावाला नेलं. नाव कागदावर लिहून आणलंय, रोक्कालुंगा, पण अजून जिभेवर बसत नाही. खाली सपाटीला बागा आणि बागवाल्यांची घरं वर, पार डोंगराच्या डोक्यावर. बस अर्ध्यात थांबली. पुढे नुसत्या दगडी पायऱ्या, आणि गल्ल्या अशा की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहावं. संगे गावातलीच एक पोरगी होती, इंग्रजी येणारी. ती सांगत होती की रोमच्या राजांच्याही आधीपासून इथे माणसं राहतात. खडकात कोरलेल्या खोल्या दाखवल्या, तीन हजार वर्षांपूर्वी त्यांत मेलेल्यांना ठेवायचे म्हणे. आता एकीत लाकडं, एकीत कांदे, एकीत कोणाची तरी शेळी. गावाच्या मधोमध एक भट्टी, साऱ्या गावात मिळून एकच. घरोघरच्या बाया कणीक मळून आणतात, आपापल्या घराचा लाकडी ठसा तिच्यावर उमटवतात, आणि सगळ्यांचे पाव एकाच आगीत भाजले जातात. मी साहेबाला त्या पोरीला विचारायला लावलं की सगळ्यांचे म्हणजे कोणाकोणाचे. तिला प्रश्नच कळला नाही. साहेबानं दोनदा फिरवून विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. पुढे मी विचारलं नाही. आपण हे काय विचारून बसलो, याची मला लाज वाटली.

दुपारचं जेवण एका बागवाल्याच्या घरी होतं. त्याची म्हातारी, काळ्या कपड्यातली, अंगानं दणकट, आवाज असा की खाली बागेत ऐकू जावा. तिनं एक मोठं लाकडी परातीसारखं ताट मधोमध मांडलं आणि त्यात वाळल्या शेंगदाण्यांचं, म्हणजे भुईमुगाचं नाही, घेवड्यासारखी त्यांची एक शेंग असते तिच्या दाण्यांचं घोटलेलं ओतलं. दिसायला थेट आपल्या बेसनाच्या चुनासारखं, वरून जैतुणाचं तेल. ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं पाव बुडवून खायचं. संगे रानातली कडवट भाजी, मेंढीच्या दुधाचा गरम गरम छेना, आणि संत्र्याच्या चकत्यांवर कांदा, मीठ नि तेल. संत्र्यावर कांदा, शालिक. आपल्याकडे कोणी केलं तर म्हणतील याचं डोकं फिरलं. मी तीनदा मागून घेतला. बाई कोण, कोण्या कुळाची, तिच्या घरात कोण काय खाते, माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्या पेल्यानं पाणी प्यालो, तिच्याच ताटात बोटं घातली.

रघुनाथरावाला मात्र धास्ती की यात काय काय घातलं असेल. तो उठून उभा राहिला आणि साहेबाला म्हणाला, “सांगा तिले, आज माही एकादशी हाय.” साहेबानं ते पोरीला इंग्रजीत सांगितलं, पोरीनं बाईला तिच्या भाषेत. एकादशी तर तीन दिवसांपूर्वी विमानातच होऊन गेली होती, आणि त्या दिवशी या गड्यानं जेवण दोनदा मागून घेतलं होतं. गंमत अशी की त्या लोकांचाही तेव्हा चाळीस दिवसांचा उपास चालू होता, घरात मांसाचा तुकडा नव्हता. बाईनं ऐकलं. हातातली पळी तशीच धरून नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. तसं पाहणं मी आधी एकदा पाहिलेलं होतं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याला रांधून वाढलं, तिला कोणाचा उपास खरा आणि कोणाचा खोटा हे शिकवावं लागत नाही. तिला सारं समजलं आणि तिनं त्याला उघडं पाडलं नाही. आत गेली, एक संत्र आणलं, त्याच्यासमोर सोललं, फोडींच्या शिरा काढल्या आणि तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरल्या. रघुनाथरावानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग घेतल्या आणि खाल्ल्या. पाचच मिनिटांत एकादशी सुटली. आमच्यात घुसून पाव तोडू लागला. सारे हसले, बाईही हसली. मला हसू आलं नाही. मला तुझी माय दिसून राहिली होती.

आता तुला समजलं असेल मी कुठे येऊन राहिलो. तुझे बाबा आमच्या बागेत ओलिताला यायचे, त्यांच्यामागे तू यायचा, आणि आपण दोघं झाडाखाली बसून एकाच संत्र्याच्या फोडी वाटून खायचो. तू मला गणित शिकवायचा, मी तुला झाडावर चढायला. घरी आला की मात्र तू छपरीतच बसायचा आणि आत यायचा नाही. ते तसंच असते असं मी समजत होतो, आणि तू काय समजत होता ते मी कधी विचारलं नाही. मग तुमचं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं. तुझ्या मायनं देव्हारा काढला, उपास सोडले. त्याआधी तिची एक चतुर्थी चुकत नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी जेवण टाळताना मी तिला चतुर्थीच सांगितली. एवढा मी बैल.

तो दिवस तुला आठवतो हे मला माहीत आहे. तरी मी लिहितो, कारण माझ्या तोंडून तो तू कधी ऐकला नाही. मॅट्रिकचा निकाल लागला. तू पहिल्या वर्गात, मी कसाबसा काठावर. तुमच्या मोहल्ल्यातला तू पहिला मॅट्रिक. तुझ्या मायनं निरोप धाडला, शालिकच्या संग्यानं आमच्या घरी जेवलंच पाहिजे. घरी ज्वारी खाणारी माणसं तुम्ही, त्या दिवशी गहू दळून आणला होता, आमरस केला होता. मी पोचलो तेव्हा ती मडक्यावरच्या रोट्या करत होती. उपड्या मडक्याखाली आग, सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत लांब करायची आणि अलगद मडक्यावर सोडायची. मी दारात उभा राहून पाहत होतो. भूक अशी लागली होती की काय सांगू.

पण येताना मोहल्ल्याच्या तोंडाशी, निंबाखाली आमचा भिवाजी बसला होता. आमच्याच भावकीतला, चार घरच्या बातम्या चार घरी पोचवणारा. मला पाहून एवढंच म्हणाला, “जेवाले चालला का गा?” आणि हसला. बाबांनी मला काही बजावलं नव्हतं. पुढे माझ्या मनाशी मी कितीदा तरी बाबांच्या माथ्यावर ढकललं, ते खोटं आहे. मला भिवाजीच्या हसण्याची भीती वाटली. हा जाऊन सांगेल, पोट्टे चिडवतील. एवढीच ती भीती, सतरा वर्षांच्या पोराची, आणि तेवढ्यासाठी मी तुझ्या मायसमोर उभा राहून म्हणालो, आज माझी चतुर्थी आहे. चतुर्थी होऊन आठवडा झाला होता. तिनं हातातली रोटी मडक्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “असू दे बाप्पा. केयाले तं काही होत नाही.” आग तशीच सोडून, डोक्यावर पदर घेऊन ती स्वतः दुकानात गेली. केळ आणलं. सालीसकट, धुतलंसुद्धा नाही, तुमच्या घरचं पाणी लागलं असं मला वाटू नये म्हणून. ते तिनं माझ्या हातावर ठेवलं. मी निघालो, आणि निंबाखाली भिवाजी अजून बसलेला दिसला तसं मी ते केळ विहिरीच्या कठड्यावर ठेवून दिलं. वळून पाहिलं तर मागे तू. मी विसरलेली टोपी द्यायला धावत आला होता. तू केळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी दिली आणि परत गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं रे. पुढच्या महिन्यात तू नागपूरला कॉलेजात गेला, आणि आपलं संपलं. लोक विचारत, तुमचं भांडण झालं का. मी म्हणायचो, नाही बा, तो शिकायला गेला. आणि ते खरंच होतं, भांडण कुठे झालं होतं.

इटलीहून आलो तर पांढुर्ण्यात सोसायटीनं आमचा सत्कार ठेवला. हार, नारळ, लाऊडस्पीकर. नदीपलीकडून सावरगावचेही आले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर गोटे मारणारी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. मला बोलायला उभं केलं आणि मी बागांचं सोडून जेवणाचंच सांगत सुटलो, ती भट्टी, ते एक ताट, ती म्हातारी. बाबा पुढच्या खुर्चीवर होते, आता ऐंशीला टेकलेत. शेजारच्याला अभिमानानं सांगत होते, “आमचा गुणवंता गोऱ्याइच्या ताटात जेवला.” आणि भिवाजी, तोच, आता दात पडलेला, उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बाईनं मायेनं वाढलं तं माणसानं खाल्लंच पाहिजे बाप्पा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हारासकट खाली बसलो. त्याचा राग आला नाही मला. त्याला काही आठवतही नसेल. त्यानं तर मला एक साधा प्रश्न विचारला होता.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे परवाच्या सोळा तारखेला, मी तुमच्या मोहल्ल्यात गेलो. आमच्या घरापासून पायी दहा मिनिटं, आणि मला अठ्ठावीस वर्षं लागली. शोभानं दार उघडलं, शाळेत मास्तरीण झाली म्हणे. तिनं मला ओळखलं पण या म्हणायला जरा वेळ घेतला, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. माय खाटेवर बसली होती. डोळ्यांना आता कमी दिसते. “कोण व्हय?” म्हणाली. मी नाव सांगितलं, यशवंतरावाचा गुणवंता. ती म्हणाली, “शालिकचा संगी. सौंसरातच रायतं ना रे तू? लयच दिवसानं आला बाप्पा.” मी तिच्या पायाशी बसलो. शोभानं चहा दिला, मी प्यालो. मग मी सरळ म्हणालो, माय, मी आज जेवायला आलो. तिनं दोन्ही हात उचलून दाखवले. थरथरतात. “मले आता रोट्या होत नाही. कणीक तोलत नाही,” म्हणाली. शोभा म्हणाली मी भाकर टाकते, आणि तिनं टाकली. भाकर, चून नि कांदा. मी जेवलो शालिक, आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना झालं.

पण हे पत्र लिहायचं कारण त्यानंतरचं आहे. माझं जेवण होईतो तुझी माय कानानं ऐकत बसली होती. हात धुतले तशी ती म्हणाली, “त्या दिवशी तू रोटी नाही खाल्ली, मले लय लागलं होतं. पण शालिकनं येऊन सांगतलं, माय, गुणवंतानं केयं वाटेतच सोलून खाल्लं, लय गोड होतं म्हणे. तवा मले बरं वाटलं. म्हटलं, माह्या हातचं काही तरी पोराच्या पोटात गेलं. कोणी काही बोललं तं मी सांगो, नाही बाई, तो पोरगा तसा नाही.” आणि मग तिनं मला विचारलं, “गोड होतं ना रे?” मी म्हणालो, हो माय, गोड होतं. तोंडातून निघून गेलं. आता तिच्याशी एक खोटं तू बोललेला आहे आणि दोन मी, आणि ती अठ्ठावीस वर्षं मोहल्ल्यातल्या बायांपुढे माझी बाजू घेत आली. येत्या रविवारी तिनं मला पुन्हा बोलावलं आहे. तिला खरं सांगितलं तर माझं मन हलकं होईल, पण तिनं इतकी वर्षं जपलेलं मी तिच्याकडून काढून घेईन. नाही सांगितलं तर तिच्या घरचा प्रत्येक घास मी फसवून खाईन. हे मी ठरवायचं नाही, माय तुझी आहे. तू म्हणशील तसं करीन, दोन ओळींचं कार्ड टाक, मला शिव्या देऊन टाकलं तरी चालेल. आणि खरं सांग म्हणाला, तर सुट्टी काढून तू ये. मी बोलेन तेव्हा तू तिच्याजवळ बस. तिचा पोरगा जन्मात एकदा तिच्याशी खोटं बोलला तो माझ्यापायी, हेही तिला मीच सांगीन.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
गुणवंता